पांझरेच्या काठची नोंदवही

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात पिंपळनेर हे गाव पांझरा नदीच्या वरच्या खोऱ्यात वसले आहे. गावाच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा असून त्यांपलीकडे गुजरातचा डांग प्रदेश लागतो. दक्षिणेस नाशिक जिल्ह्यातील बागलाण आहे. या डोंगरांत उगम पावलेली पांझरा पूर्वेस वाहत जाते, साक्री आणि धुळे मागे टाकून उत्तरेकडे वळते व मुडावदजवळ तापीस मिळते. डोंगराच्या कुशीत पाऊस अधिक, म्हणून तेथे भात आणि नागली. खाली उतरावे तसा पाऊस कमी होत जातो आणि बाजरी, मका, भुईमूग व कांदा यांची शेते दिसू लागतात. थोड्याच अंतरात पावसाचे मान एवढे बदलते की, एका गावाचा अनुभव शेजारच्या गावास जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. या भागातील शेतकऱ्यास आपल्या शिवाराची पारख आपणच करावी लागते, ती याच कारणाने.

ही पारख एका दिवसात होत नाही. शिवाराकडे वर्षानुवर्षे सावकाश आणि सातत्याने पाहावे लागते. हवामान बदलत असल्याच्या आजच्या काळात अशा पाहण्याची गरज कमी झालेली नसून उलट वाढली आहे. मात्र केवळ पाहणे आता पुरेसे नाही; पाहिलेले लिहून ठेवणेही तितकेच अगत्याचे झाले आहे.

भूमीचे रूप

धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून प्रवास करणाऱ्यास माळावरून सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडांच्या लांबच लांब टेकड्या दिसतात. कोणी मुद्दाम रचलेल्या भिंतीच त्या, असा प्रथमदर्शनी भास होतो. वस्तुतः कोट्यवधी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वर आलेला लाव्हारस थिजून हे कठीण खडक बनले. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि या भिंती उभ्या राहिल्या. भूशास्त्रज्ञ त्यांना डाईक म्हणतात. त्यांतील काहींची लांबी कित्येक किलोमीटर भरते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या भिंतींचे महत्त्व निराळेच आहे. जमिनीखालीही त्या खोल गेलेल्या असतात. जेथे खडक एकसंध आहे तेथे भिंत भूगर्भातील पाण्याची वाट अडवते; जेथे तो भेगाळलेला आहे तेथे तीच भिंत पाणी दूरवर वाहून नेते. भिंतीच्या एका अंगाच्या विहिरीस चैत्रातही पाणी असावे आणि दुसऱ्या अंगाची विहीर संक्रांतीनंतर तळ दाखवू लागावी, असे म्हणूनच घडू शकते. नकाशावर ही गोष्ट दिसेलच असे नाही. ती कळते, जो दर महिन्यास विहिरीत डोकावतो त्यास.

फडाची शिस्त

निरीक्षणावर शेती चालविण्याची रीत पांझरेकाठास नवी नाही. फड बागाईत म्हणून प्रसिद्ध असलेली या भागातील पद्धती सुमारे तीन-चारशे वर्षांची असावी, असे मानतात. पांझरा नदीवर, तसेच नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांवरही ती पूर्वापार चालत आली. नदीच्या पात्रात दगडी बंधारा घालावयाचा. त्याच्या एका टोकापासून कालवा काढावयाचा. कालव्यातून चाऱ्या फोडून पाणी शेतापर्यंत न्यावयाचे आणि उरलेले पाणी पुन्हा नदीत सोडावयाचे, अशी तिची रचना असे. यंत्र नाही, पंप नाही. केवळ जमिनीच्या उतारावर पाणी चाले. हा उतार नेमका साधण्यासाठी बांधणाऱ्यांनी नदीचे वळण आणि शिवाराचा कल किती बारकाईने पाहिला असेल, याची कल्पना आजही ते बंधारे पाहिले म्हणजे येते.

बंधाऱ्याखालील जमिनीचे तीन किंवा चार मोठे भाग करीत. यालाच फड म्हणत. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभऱ्यासारखे हंगामी पीक, तिसरा विसाव्यास किंवा पावसाळी पिकास, असा फेरपालट असे. प्रत्येक खातेदाराची थोडीथोडी जमीन बहुधा सर्व फडांत असे. त्यामुळे ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला तरी त्याचा भार एकट्यादुकट्यावर न पडता सर्वांवर सारखा पडे. शेतास पाणी स्वतः मालक देत नसे. ते काम पाटकऱ्याचे. पिकाची राखण जागल्या करी आणि त्यांच्या कामावर हवालदार देखरेख ठेवी. त्यांचा मोबदला पिकाच्या रूपाने मिळे.

या पद्धतीचा गाभा बंधाऱ्यात नव्हता, निर्णयात होता. पावसाळा सरत आला म्हणजे नदीचा प्रवाह पाहून, पुढे किती काळ पाणी पुरेल याचा अंदाज घेऊन, कोणत्या फडात काय लावावयाचे हे गाव ठरवी. आधी पाणी पाहावयाचे आणि मग पीक ठरवावयाचे, हा तो क्रम होता. पुढे नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली, विहिरींवर विजेचे पंप बसले, ज्याला त्याला आपल्या सोयीने पाणी घेता येऊ लागले आणि पुष्कळ ठिकाणी फडाची शिस्त सैल पडली. तिच्याबरोबर तो क्रमही उलटला. आता पीक आधी ठरते, ते बहुधा बाजारभावावर. आणि पाण्याचा शोध मागाहून सुरू होतो.

पंचांग आणि पाऊस

खानदेशातील शेतकरी पावसाळा नक्षत्रांनी मोजतो. सूर्य मृगात जातो तो ७ किंवा ८ जूनच्या सुमारास. आर्द्रा २१-२२ जूनला लागते. हस्त सप्टेंबरच्या अखेरीस येतो. कोणत्या नक्षत्रात कोणते काम करावयाचे, याचे ठोकताळे सहदेव-भाडळीच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. हे सर्व ज्ञान निरीक्षणातूनच जन्मले आहे, म्हणून त्याचा उपहास करणे उचित नाही.

तथापि, एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नक्षत्रांवरून मोजलेले वर्ष हे ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असते. हा फरक साचत जाऊन सुमारे ७१ वर्षांत एक दिवसाचा होतो. याचा अर्थ, पाचशे वर्षांपूर्वी ऋतुचक्राच्या ज्या टप्प्यावर मृग लागत असे, त्यापेक्षा आज तो सुमारे सात दिवस उशिरा लागतो. आकाशाच्या घड्याळात आणि ऋतूच्या घड्याळात हे अंतर आपोआप पडत आले आहे. पाऊस मृगावर पडला नाही म्हणून नक्षत्र खोटे ठरत नाही. परंतु केवळ मृग लागला म्हणून पाभर धरणेही शहाणपणाचे नाही.

हीच गोष्ट झाडे आणि पाखरे यांची. बहावा फुलला म्हणजे दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो, असे म्हणतात. पावशा ‘पेरते व्हा’ असे सांगतो, अशी समजूत आहे. या खुणा कितपत खऱ्या, हे वादाने ठरणार नाही. बहावा कोणत्या तारखेस फुलला आणि पाऊस कोणत्या तारखेस पडला, हे दहा-पंधरा वर्षे लिहिले गेले तर मात्र ते सहज ठरेल.

बदल कोणता आणि किती

हवामान बदलत आहे, हे आता मोजमापाने सिद्ध झाले आहे. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढल्याचे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० मधील अहवालात नमूद आहे. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही. पाऊस थोड्या दिवसांत फार पडतो आणि मधले दिवस कोरडे जातात, हा याचा सरळ अर्थ होय.

भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या व माघारीच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरविल्या. वायव्य राजस्थानातून माघारीची सुरुवात पूर्वी १ सप्टेंबरला धरली जात असे. आता ती १७ सप्टेंबर धरली जाते. मुंबईहून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. केरळातील आगमनाची तारीख मात्र १ जून हीच राहिली. ज्या शेतकऱ्याची बाजरी सप्टेंबरच्या अखेरीस खळ्यावर येते आणि ज्याची कांद्याची रोपे त्याच सुमारास वाफ्यात असतात, त्याच्यासाठी हे आठ-दहा दिवस म्हणजे कागदावरचा आकडा नव्हे. उभे रोप सडणे अगर वाचणे त्यांवर अवलंबून असते.

धुळे जिल्ह्याने ही चढउतार जवळून पाहिली आहे. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत या जिल्ह्यातील तालुकेही होते. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पांझरेस मोठा पूर येऊन धुळे शहरातील पुलांवरून पाणी वाहिले. मार्च २०२२ हा देशभरातील नोंदींत १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि दाणे भरण्याच्या वेळी उत्तर भारतातील गहू होरपळला. मार्च २०२३ मध्ये साक्री तालुक्याच्या काही भागांत गारपीट झाली. अशा घटना पूर्वीही घडत. प्रश्न त्या किती वेळा घडतात हा आहे. आणि त्याचे उत्तर आठवणीतून मिळत नाही.

आठवण आणि नोंद

मनुष्याची स्मृती मोठ्या प्रसंगांची असते. १९७२ चा दुष्काळ सर्वांच्या बोलण्यात येतो; परंतु १९७५ च्या जुलैत किती दिवस कोरडे गेले, हे कोणास सांगता येणार नाही. ‘पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही’ हे वाक्य प्रत्येक पिढीने उच्चारलेले आहे. त्यातील खरे किती आणि मनाचा खेळ किती, हे निवडण्यास लेखी नोंदीवाचून मार्ग नाही.

समजा, एका शेतावर एका वर्षी जूनमध्ये १२० मिलिमीटर पाऊस दहा दिवसांत विभागून पडला आणि दुसऱ्या वर्षी तेवढाच पाऊस दोन रात्रींत कोसळला. महिनाअखेरचा आकडा दोन्ही वर्षी एकच. परंतु पहिल्या वर्षी ओल जमिनीत खोल मुरली, तर दुसऱ्या वर्षी पाणी आणि त्याबरोबर माती नाल्यास गेली. दुसऱ्या वर्षीचा शेतकरी ‘यंदा पाऊसच नाही’ असे म्हणेल. त्याच्या शेतात पाऊस पडला होता, पण राहिला नाही. पाऊस कमी झाला असेल तर कमी पाण्याचे पीक घ्यावे लागेल. पाऊस तितकाच असून कोसळून पडत असेल तर बांधबंदिस्ती, उतारास आडवी पेरणी आणि जादा पाणी काढून देणाऱ्या सऱ्या यांची गरज आहे. रोग ओळखण्यात चूक झाली तर उपायही चुकतो.

जगातील मोठे निष्कर्ष अशाच संथ नोंदींतून निघालेले आहेत. जपानच्या क्योटो शहरी चेरीचा बहर कोणत्या दिवशी आला, याच्या नोंदी इ. स. ८१२ पासूनच्या सापडतात. शतकानुशतके हा बहर बहुधा एप्रिलच्या मध्याच्या आसपास येई. २०२१ मध्ये तो २६ मार्चला आला. ज्यांनी त्या तारखा लिहिल्या त्यांना हवामानशास्त्र ठाऊक नव्हते. ते उत्सवाचा दिवस लिहीत होते. हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजला जात आहे. तेव्हा त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३१५ होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या वर गेलेले होते. पृथ्वीभोवतीचे हे पांघरूण जाड होत आहे, हे कळण्यास कोणाला तरी रोज तेच माप पुन्हा पुन्हा घ्यावे लागले.

काय पाहावे, कसे लिहावे

नोंद ठेवण्यास मोठा खर्च नाही. एक जाड वही, एक मोजपट्टी आणि नियमितपणा एवढ्यावर हे काम चालते.

पाऊस. तळ सपाट व कडा सरळ असलेले कोणतेही भांडे चालेल. ते उघड्या जागी पक्के रोवावे. जवळचे झाड किंवा भिंत जितकी उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर भांडे असावे. रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान विभागाच्याच वेळी, पाण्याची खोली मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी, लिहावी व भांडे रिते करावे. ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवशी शून्य लिहावे. रिकामी ओळ आणि शून्य यांत पुष्कळ अंतर आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४ हजार लिटर पाणी, हे लक्षात ठेवले म्हणजे आकड्यास अर्थ येतो. कृषी विभाग खरिपाची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून करू नये, असे सांगत असतो. ज्याच्या घरी वही आहे त्याला हा आकडा आपल्याच बांधावर पडताळता येतो आणि मृगाच्या पहिल्या सरीवर बियाणे मातीत घालून दुबार पेरणीच्या संकटात पडण्याचा प्रसंग पुष्कळदा टळतो.

शासनाने २०१७ पासून महावेध प्रकल्पाखाली राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळवार उभारली. त्यांचे आकडे अवश्य पाहावेत. परंतु मंडळात अनेक गावे असतात आणि डोंगराळ भागात एका ओढ्याच्या अलीकडे पाऊस पडून पलीकडे जमीन कोरडी राहते. घरची नोंद केंद्राच्या नोंदीस पूरक ठरते, ती यामुळे.

विहीर. दोरीस वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. पंप सुरू करण्यापूर्वी, पहाटे, हे माप घ्यावे. नाहीतर उपशाने खाली गेलेली पातळीच नोंदली जाईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळी मोजते. शेतकऱ्याने निदान याच चार महिन्यांत, आणि जमल्यास दर पंधरवड्यास, मोजणी करावी.

ओल. पेरणीपूर्वी आणि पावसाच्या प्रत्येक मोठ्या खंडानंतर शेतात एक हात खोल खड्डा घेऊन ओल कोठवर आहे ते बोटांनी मोजावे. काळ्या जमिनीत वरचा थर सुकलेला दिसला तरी खाली ओल असते; हलक्या मुरमाड जमिनीत नेमके उलट अनुभवास येते.

झाडे, पाखरे व किडी. पळस, मोह आणि बहावा यांचे पहिले फूल, आंब्याचा मोहर, पावशाची पहिली हाक, मक्यावर लष्करी अळीचे पहिले दर्शन, कांद्यावर करप्याचा पहिला ठिपका यांच्या तारखा लिहाव्यात. दरवर्षी तेच झाड आणि तेच शेत पाहावे, हा या नोंदीचा मुख्य नियम होय.

वहीच्या शेवटच्या रकान्यात त्या दिवशी केलेले काम लिहावे. कोणत्या तारखेस पेरले, किती उगवले, किती पिकले, हे पावसाशेजारी लिहिलेले असले म्हणजे वही केवळ हवामानाची न राहता शेतीची होते.

बारीपाड्याचा धडा

पाहण्याने काय साधते, याचे उदाहरण याच तालुक्यात आहे. गुजरातच्या सीमेजवळचे बारीपाडा हे आदिवासी गाव. भोवतीचे जंगल तुटून डोंगर उघडे पडले होते आणि पाण्याचे दुर्भिक्ष जाणवत होते. १९९०च्या दशकाच्या आरंभी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने सुमारे १,१०० एकर जंगल राखावयास घेतले. कुऱ्हाडबंदी केली, राखणदार नेमले, नियम मोडणाऱ्यास दंड ठरविला. प्रथम हाती लागण्यासारखे काहीच नव्हते. बुंध्यांस फूट येईपर्यंत आणि झऱ्यांस पाणी धरेपर्यंत वाट पाहावी लागली. आज तेथे दाट जंगल उभे आहे आणि विहिरींना पाणी आहे. या कार्याबद्दल श्री. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

बारीपाड्यात २००४ पासून रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते. कोणती भाजी कोणत्या उतारावर, कोणत्या पावसानंतर उगवते, कोणती कोवळी खावी आणि कोणती उकळून पाणी टाकावे, हे तेथील स्त्रियांना ठाऊक असते. हेही निरीक्षणच होय. ते वहीत नसले तरी हातात आणि जिभेवर आहे. गावाने त्यास वर्षातून एक दिवस मानाचे स्थान दिले, म्हणून मुलींपर्यंत ते पोहोचण्याची वाट राहिली.

वही कोणाच्या हाती

एका वर्षाच्या नोंदीने काहीही सिद्ध होत नाही, ही गोष्ट आरंभीच समजून घ्यावी. हवामानशास्त्रात एखाद्या ठिकाणचे हवामान ठरविण्यास सामान्यतः ३० वर्षांची सरासरी धरतात. चाळीसाव्या वर्षी वही सुरू करणारा शेतकरी सत्तरीस पोहोचेल तेव्हा ती पुरी होईल. म्हणून हे काम एकट्याचे नव्हे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक असावा आणि त्याची नोंद विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने ठेवावी. घरच्या वहीत मोजणी आजोबांनी करावी आणि लिहिण्याचे काम नातवाने किंवा नातीने करावे. दोघांच्याही अंगी शिवाराकडे पाहण्याची सवय त्यामुळे बाणेल.

आणि वर्षातून एकदा ही नोंद चारचौघांत वाचली जावी. ग्रामसभा २ ऑक्टोबरला भरते. पाऊस त्या सुमारास परतीस लागलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात आणि रब्बीचे बेत अद्याप मनातच असतात. यंदा किती दिवस पाऊस पडला, गेल्या पाच वर्षांच्या मानाने विहिरी किती हात वर अगर खाली आहेत, नदीस प्रवाह किती आहे, हे त्या दिवशी सर्वांसमोर सांगितले गेले तर गहू किती, हरभरा किती आणि कांदा किती, याचा विचार पाण्याच्या हिशेबाने करता येईल. फडाच्या काळी पांझरेकाठचा गाव हेच करीत असे. तेव्हा नदीचे पाणी वर्षानुवर्षे पाहिलेले जाणते लोक गावात असत आणि त्यांच्या नजरेवर गावाचा विश्वास होता. ऋतूच जागचे हलू लागले असता केवळ नजरेवर तेवढे ओझे टाकता येणार नाही. तिच्या जोडीस आता वही हवी.